विश्लेषण : २,१४,७४,८३,६४७… या आकड्यानंतर संगणकाचे घड्याळ थेट १९०१मध्ये का जाते?

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. त्याच्या पुढच्याच सेकंदाला, तोवर दुरुस्त न झालेली संगणकीय उपकरणे स्वतःला डिसेंबर १९०१मध्ये समजू लागतील. ‘वाय-टू-के-३८’ किंवा ‘२०३८ची अडचण’ म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. २०३८ला अजून अवकाश आहे, मग चर्चा आताच कशाला? कारण ही अडचण मुळात तारखेची नाही, एका आकड्याची आहे. आणि तो आकडा गाठायला २०३८ उजाडावेच लागते असे नाही.

सगळ्यांचा मोबाइल नंबर एकच!

या आकड्याशी माझी पहिली भेट इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला झाली. कॉलेजच्या फेस्टसाठी नोंदणीची वेबसाइट आम्ही चौघांनी मिळून बनवली होती. पहिल्या दिवशी भरपूर नोंदणी झाली, आम्ही खूश. संध्याकाळी यादी उघडली तर नावे वेगवेगळी, कॉलेजे वेगवेगळी, पण मोबाइल क्रमांक सगळ्यांचा एकच : २१४७४८३६४७. कुणीतरी खोडसाळपणा केला असेल म्हणून एका मित्राने तो नंबर लावूनही पाहिला. अर्थात लागला नाही. शेवटी पैसे भरल्याच्या पावत्यांवरून एकेक नंबर पुन्हा हाताने भरावा लागला.

चूक आमचीच होती. डेटाबेसमध्ये फोन क्रमांकाचा रकाना आम्ही साध्या पूर्णांक प्रकारचा, म्हणजे ‘इंट’ ठेवला होता. या प्रकारात ३२ बिट्सची जागा मिळते आणि त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढीच संख्या मावते. भारतातले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतात. म्हणजे संख्या म्हणून पाहिले तर देशातला सर्वात लहान मोबाइल क्रमांकही ६०० कोटींच्या पुढचा. यातला एकही त्या रकान्यात मावणारा नाही. आमचा डेटाबेस, मायएसक्यूएल, ढिल्या सेटिंगवर चालत होता. मावत नाही म्हणून नोंद नाकारण्याऐवजी तो प्रत्येक वेळी स्वतःच्या कमाल मर्यादेचा आकडा लिहून मोकळा होत होता.

हाच आकडा का?

राजाने बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत धान्य ठेवल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या पटावरच्या पहिल्या ३१ घरांतल्या दाण्यांची बेरीज केली तर ती बरोबर २,१४,७४,८३,६४७ येते. गणिताच्या भाषेत २चा ३१वा घात वजा १.

संगणक संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. ३२ बिट्स म्हणजे अशी ३२ घरे. त्यातले पहिले घर चिन्हासाठी राखीव असते : तिथे ० असेल तर संख्या धन, १ असेल तर ऋण. उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ लिहिला की हा आकडा तयार होतो. जागा संपली.

आता यात १ मिळवला तर? जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९नंतर सगळी शून्ये यायची, तसेच इथे होते. सगळे १ जाऊन शून्ये येतात आणि हातचा एक सरकत सरकत पहिल्या, म्हणजे चिन्हाच्या घरात जाऊन बसतो. स्कूटरचा मीटर निदान शून्यावर यायचा. इथे संगणकाला दिसते उणे २,१४,७४,८३,६४८. कमाल मर्यादेवरून एका पावलात थेट किमान मर्यादेवर. यालाच ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. सी भाषेच्या पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये १३चे फॅक्टोरिअल काढणाऱ्यांनी हा प्रकार पाहिलेला असतो. उत्तर ६२२ कोटींच्या पुढे हवे, पण पडद्यावर येते १९३ कोटी २० लाख ५३ हजार ५०४. प्रोग्राम कुठलीही तक्रार करत नाही. या दोषाची खरी भीती त्या गप्प राहण्यातच आहे.

ऑयलर आणि १७७२चे पत्र

संगणकाच्या कितीतरी आधीपासून गणितज्ञ या संख्येच्या मागे होते, आणि कारण अगदी वेगळे होते. ही मूळ संख्या आहे का, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कुणी विभाजक आहे का, हा त्यांचा प्रश्न होता.

२च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारॅन मेर्सेन यांच्या नावाने ‘मेर्सेन मूळ संख्या’ म्हणतात. घातांक मूळ नसेल तर अशी संख्या कधीच मूळ नसते. पण घातांक मूळ असला म्हणून ती मूळ असेलच असेही नाही. उदाहरणार्थ, २चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. मेर्सेन यांनी १६४४मध्ये कोणते घातांक चालतात याची यादी दिली होती. त्यात ३१ होता, पण सिद्धता नव्हती. त्या यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे निघाले आणि ६१, ८९, १०७ हे त्यात असायला हवे होते ते नव्हते. ३१ मात्र बरोबर निघाला.

ते सिद्ध केले लिओनार्ड ऑयलर यांनी. १७७२मध्ये बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही संख्या मूळ असल्याचे कळवले. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि त्यांची दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली होती. मोठी संख्या मूळ आहे का हे तपासायचे तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे, ही शाळेतली पद्धत. इथे वर्गमूळ ४६,३४०च्या थोडे पुढे येते आणि तिथपर्यंत जवळपास ४,८०० मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हातानेच करायचे!

ऑयलर यांनी चाळण लावली. या संख्येला मूळ विभाजक असलाच तर त्याला ६२ने भागल्यावर बाकी १च उरली पाहिजे. शिवाय त्याला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या तर २४८च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. वर्गमूळापर्यंत असे उमेदवार उरतात फक्त ३७२, आणि त्यातल्याही अनेक संख्या मूळ नसल्याने बाद होतात. एकानेही पूर्ण भाग जात नाही, म्हणजे संख्या मूळ. चाळणीची खात्री करायची असेल तर वरच्या २०४७वर करून पाहा. तिथे ६२ऐवजी २२ (११ची दुप्पट) घ्यायचे : २३ला किंवा ८९ला २२ने भागले तर बाकी १च उरते.

पुढची ऐंशीहून अधिक वर्षे हीच माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती. तिला २च्या ३०व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली संख्या. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११च्या पुस्तकात लिहिले, की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच शोधली जाणार नाही. कारण या संख्या नुसत्या गमतीच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, मग इतकी मेहनत कोण घेणार? बार्लो यांचा अंदाज सपशेल चुकला. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली मेर्सेन मूळ संख्या (२चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १) ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे.

‘उपयोग नाही’ हेही खरे ठरले नाही. २,१४,७४,८३,६४७ मूळ असल्याचा फायदा घेऊन यादृच्छिक संख्या तयार करण्याची एक प्रसिद्ध पद्धत बेतलेली आहे : आधीच्या संख्येला १६,८०७ने गुणायचे आणि या मूळ संख्येने भागून बाकी घ्यायची. अशी साखळी २१४ कोटींहून अधिक पावले पुनरावृत्तीशिवाय चालते. सी++ भाषेच्या प्रमाण लायब्ररीत ही पद्धत आजही आहे.

संगणकाची मर्यादा आणि हे मूळ असणे यांचा मात्र आपसात संबंध नाही, तो योगायोग. ६४ बिट्सची कमाल संख्या, २चा ६३वा घात वजा १, मूळ नाही. तिला चक्क ७ने भाग जातो.

मग १९०१ कुठून आले?

युनिक्स आणि तिच्या पठडीतल्या प्रणाली वेळ मोजण्यासाठी दिनदर्शिका वापरत नाहीत. १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून (ग्रीनिच वेळ, आपल्याकडे पहाटे साडेपाच) किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा त्या ठेवतात. तुमच्या फोनवर दिसणारी तारीख त्या आकड्यावरून बनवून दाखवली जाते. तारखांची वजाबाकी, क्रम लावणे, सगळे यामुळे सोपे होते. त्या काळी मेमरी महाग होती आणि ३२ बिट्समध्ये ६८ वर्षे मावत होती. ही व्यवस्था इतकी टिकेल असे तेव्हा कुणाला वाटले असेल?

२,१४,७४,८३,६४७ सेकंद म्हणजे २४,८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटे, ७ सेकंद. १९७०पासून तेवढे पुढे गेले की १९ जानेवारी २०३८. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो आणि घड्याळ १९७०च्या तेवढेच मागे जाते : १३ डिसेंबर १९०१, रात्री ८.४५ (ग्रीनिच). भारतीय वेळेत १४ डिसेंबरचे पहाटे सव्वादोन.

२०३८च्या आधीच घडलेल्या गोष्टी

मे २००६मध्ये ‘एओएलसर्व्हर’ हे सॉफ्टवेअर वापरणारी संकेतस्थळे अचानक कोसळू लागली. डेटाबेसकडे केलेली विनंती कधी मुदतबाह्य होऊच नये म्हणून काहींनी मुदत १०० कोटी सेकंद ठेवली होती. चालू वेळेत १०० कोटी मिळवल्यावर उत्तर २०३८च्या पलीकडे गेले, ऋण झाले, आणि प्रत्येक विनंती जन्मतःच मुदतबाह्य ठरली. म्हणजे काही जणांसाठी २०३८ बत्तीस वर्षे आधीच येऊन गेले.

२०१५मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला. वीजपुरवठा सलग २४८ दिवस सुरू राहिला तर जनरेटर नियंत्रकांमधला एक गणक ओसंडून चारही मुख्य नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, असे प्रयोगशाळेतल्या चाचणीत आढळले होते. ठरावीक काळाने वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, हा तात्पुरता उपाय. सेकंदाचा शंभरावा भाग हे एकक धरून मोजत गेले तर २१४ कोटींची मर्यादा २४८ दिवस १३ तासांत भरते. (ऑयलर यांच्या चाळणीतही २४८च होते. पण हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही शोधू नका.)

डिसेंबर २०१४मध्ये ‘गंगनम स्टाइल’च्या व्हिडीओने हा आकडा ओलांडला तेव्हा यूट्यूबने मोजणी ६४ बिट्सवर नेल्याचे जाहीर केले. त्या बातमीवर सगळे हसले होते. मे २०२१मध्ये बर्कशायर हॅथवेच्या एका शेअरचा भाव ४,२९,४९६ डॉलरच्या जवळ आला तेव्हा नॅसडॅकला त्याचे भाव आपल्या काही माहितीप्रवाहांतून देणे तात्पुरते थांबवावे लागले. तिथे चिन्हाचे घर नव्हते आणि चार दशांश स्थळे होती, म्हणून मर्यादा वेगळी. पण दोष त्याच घराण्यातला.

सर्वात गंभीर वाटते ते सप्टेंबर २०२५चे प्रकरण. पेट्रोल पंपांच्या भूमिगत टाक्यांतली पातळी मोजणाऱ्या एका उपकरणात हा दोष असल्याचा इशारा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, ‘सीसा’ने दिला. हल्लेखोराने उपकरणाची वेळ हाताने पुढे सरकवली, तर लॉगिनची यंत्रणाच गडबडून ते बंद पडू शकते. २०३८ची वाट पाहण्याची गरज नाही, घड्याळ पुढे केले की झाले. नैसर्गिकरीत्या येणारी अडचण वेगळी आणि कुणीही, कधीही घडवून आणू शकेल अशी त्रुटी वेगळी. २०३८कडे आजवर पहिल्याच नजरेने पाहिले गेले. माझ्या मते ते दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही.

दुरुस्ती झालेली नाही का?

बरीच झाली आहे. वेळेचा आकडा ६४ बिट्समध्ये ठेवला तर तो सुमारे २९ हजार कोटी वर्षे पुरतो, म्हणजे प्रश्न मिटला. आजचे बहुतेक फोन, लॅपटॉप आणि सर्व्हर ६४ बिट्सचे आहेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये मार्च २०२०च्या ५.६ आवृत्तीपासून ३२ बिट्सच्या यंत्रांनाही २०३८च्या पुढची वेळ समजते. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने एका जुन्या संगणक-प्रकाराचा अपवाद वगळता सर्वत्र ६४ बिट्सची वेळ आणली.

पण यंत्र ६४ बिट्सचे झाले म्हणून त्यातला प्रत्येक रकाना तसा होत नाही. आमची फेस्टची वेबसाइटही ६४ बिट्सच्या सर्व्हरवरच चालत होती. मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्प’ प्रकार त्यांच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार १९ जानेवारी २०३८पर्यंतच्याच वेळा साठवतो. शिवाय खरा गुंता आहे तो भिंतीत, खांबावर, जमिनीखाली बसवलेल्या आणि नंतर कुणी न उघडणाऱ्या उपकरणांचा. त्यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करायची सोयच अनेकदा नसते.

भारतात नेमके कशाकडे पाहायचे?

२०००च्या ‘वाय-टू-के’ने भारतीय आयटी कंपन्यांना मोठे काम दिले. परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचे जुने कोबोल प्रोग्राम इथले अभियंते दुरुस्त करत होते. तेव्हा मोठा भाग कार्यालयांतल्या संगणकांचा होता, कोड समोर होता. यावेळी तसे नाही.

बँकांची मुख्य प्रणाली ही माझ्या दृष्टीने सर्वात कमी काळजीची जागा. जानेवारी २०१८नंतर घेतलेल्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ची रेषा ओलांडतो, तेव्हा लांब पल्ल्याच्या तारखा हाताळण्याची परीक्षा बँकांना केव्हाच द्यावी लागली आहे. काळजी आहे ती नळपाणी योजनांच्या पंप नियंत्रकांची, इमारतींच्या लिफ्टची, सोसायटीच्या सीसीटीव्ही रेकॉर्डरची, कारखान्यांतल्या नियंत्रण पॅनेलची. यातली प्रत्येक वस्तू सदोष आहे असे नाही. पण आज बसवलेले उपकरण १२-१५ वर्षे चालले तर ते १९ जानेवारी २०३८ पाहणार हे निश्चित. निविदेत ‘२०३८नंतरच्या तारखांसह चाचणी केल्याचा दाखला’ ही एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत. बसवून झाल्यावर तीच खात्री करायची तर प्रत्येक उपकरणापाशी माणूस पाठवावा लागेल. नगरपालिका, महावितरण किंवा तुमच्या सोसायटीची कमिटी, खरेदी करणाऱ्या कुणालाही हे आज विचारता येते.

फोनवर तारीख बदलून पाहू का?

नको. हा लेख वाचून सेटिंगमध्ये २०३८ टाकून पाहण्याचा मोह अनेकांना होईल. अनेक जुन्या फोनमध्ये तारखेची यादी २०३७लाच संपते, त्यातून फार काही कळत नाही. तारीख चुकीची असली की सुरक्षा प्रमाणपत्रे मुदतबाह्य वाटून यूपीआय आणि बँकिंग अ‍ॅप बंद पडू शकतात, हा लगेचचा त्रास. फेब्रुवारी २०१६मध्ये आयफोनची तारीख उलट्या दिशेला, १ जानेवारी १९७०वर नेऊन पाहण्याची टूम निघाली होती. रिस्टार्ट केल्यावर ते फोन सुरूच होईनात. अखेर अ‍ॅपलला हा दोष मान्य करून पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती द्यावी लागली.